राजद्रोहाचे कलम आणि तालुक्याचा संपादक

कृष्णाकाठ (धागाकर्ती)

राजद्रोहाचा विषय निघाला की आपण थेट १९०८ वर जातो. टिळक, न्यायमूर्ती दावर, सहा वर्षे काळे पाणी, मंडाले. शाळेत एवढेच शिकवले आणि त्याचा अभिमान वाटतो तो रास्तच आहे. पण या कलमाने रोजच्या रोज काय केले हे पाहायचे तर पुणे-मुंबई सोडून इस्लामपूरला यावे लागते, म्हणून हा धागा.

१८९७ साली तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातल्या इस्लामपुरातून 'प्रतोद' नावाचे पत्र निघत होते. त्यात कॅनडावर एक लेख आला. कॅनडातले लोक स्वतंत्र होण्याच्या तयारीला लागले आहेत आणि आपली स्थिती काय आहे, अशा धर्तीचा. ना कुठे बाँब, ना पिस्तूल, ना कुणा अधिकाऱ्याचे नाव. सातारच्या सेशन कोर्टाने या लेखासाठी संपादकाला जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा दिली. पत्राच्या मालकालाही शिक्षा झाली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात तीन न्यायमूर्तींच्या पीठापुढे गेले, त्यात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडेही होते. पीठाने दोष कायम ठेवला आणि संपादकाची शिक्षा एका वर्षावर आणली.

वर्षभराचीच झाली म्हणून हायसे वाटण्याआधी एक लक्षात घ्या. त्याच वर्षी पुण्यात प्लेग होता, घरझडत्यांनी लोक पिडले होते. २२ जूनच्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर प्लेग अधिकारी रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. १५ जूनच्या 'केसरी'त 'शिवाजीचे उद्गार' ही कविता आणि शिवजयंती उत्सवातल्या भाषणांचा वृत्तांत छापून आला होता. सरकारने दोन्हींचा धागा जोडला आणि २७ जुलैला टिळकांना मुंबईत अटक केली. ज्युरीत सहा युरोपीय आणि तीन भारतीय. निकाल सहा विरुद्ध तीन, दोषी. अठरा महिने सक्तमजुरी.

या खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी ज्युरीला सांगितले, की सरकारबद्दल वैरभाव किंवा नावड निर्माण करण्याचा प्रयत्न पुरेसा आहे. ती किती तीव्र आहे, त्यातून दंगा झाला की नाही, हे बघायचे कारण नाही. दुसऱ्याच वर्षी, १८९८ मध्ये, सरकारने दंडसंहितेतले राजद्रोहाचे कलम १२४अ दुरुस्त करून हा अर्थ कायद्यातच लिहून टाकला. सोबत फौजदारी प्रक्रियेत १०८ वे कलम आणले. त्याखाली मॅजिस्ट्रेट संपादकाला चांगल्या वर्तणुकीचा जामीन मागू शकत होता.

टिळकांच्या मागे दादासाहेब खापर्डे होते, शिशिरकुमार घोष होते, कलकत्त्याहून निधी येत होता, प्रिव्ही कौन्सिलपुढे, म्हणजे साम्राज्याच्या शेवटच्या अपील न्यायालयापुढे, अपिलाच्या परवानगीचा अर्ज मांडायला लंडनमध्ये पुढे पंतप्रधान झालेले ॲस्क्विथ उभे राहिले. मॅक्सम्युलरसारख्या संस्कृत पंडितांनी अर्ज केला आणि मुदतीआधी सुटका झाली. इस्लामपूरच्या माणसामागे कोण होते? त्याचे पत्र पुढे किती दिवस चालले असेल? त्याच्या घरच्यांनी वर्ष कसे काढले असेल?

माझे म्हणणे एवढेच आहे. या कायद्याची ताकद मोठ्या खटल्यांत दिसते, पण त्याचे खरे काम तालुक्याच्या गावी होते. एक संपादक आत गेला की आसपासचे दहा जण लेखणी आवरती घेतात, आणि त्या दहांची कुठे नोंद होत नाही.

---

खिळे आणि कागद

चांगला विषय घेतलात ताई. आमच्या घरात हाताने खिळे जुळवायचा छापखाना होता, म्हणून मुद्रकाच्या बाजूने थोडे लिहितो.

पेपरच्या शेवटच्या पानावर तळाला बारीक अक्षरात एक ओळ असते : मुद्रक, प्रकाशक, संपादक अमुक, यांनी अमुक छापखान्यात छापून अमुक ठिकाणी प्रसिद्ध केले. आपण ती वाचत नाही. त्या ओळीतले मुद्रक-प्रकाशकाचे नाव १८६७ च्या कायद्याने सक्तीचे केले. नावनोंदणी म्हणून ती योग्यच, पण राजद्रोहाच्या खटल्यात तीच ओळ आरोपींची यादी ठरायची. १८९७ च्या 'केसरी' खटल्यात टिळकांबरोबर मुद्रक केशव महादेव बाळ यांनाही उभे केले होते. ते सुटले. पण मजकूर त्यांनी लिहिला नव्हता, तरी पिंजऱ्यात उभे राहावे लागले.

१९१० च्या प्रेस कायद्याने तर खटल्याचीही गरज ठेवली नाही. नवा छापखाना काढायचा तर ५०० ते २००० रुपये अनामत. सरकारला मजकूर खटकला की अनामत जप्त. पुन्हा सुरू करायचे तर १००० पासून १०,००० पर्यंत. पुढच्या वेळी अनामतीबरोबर यंत्रसुद्धा जप्त. तेव्हाच्या रुपयाचा भाव धरा. छापखानेवाला मग संपादकाला म्हणणार, "मालक, हा परिच्छेद काढा, नाहीतर दुसरीकडे छापा." असा नकार कुठल्या कोर्टाच्या कागदात येत नाही. माझे आजोबा त्याला "मुकी सेन्सॉरी" म्हणत.

---

रानवारा

लेख आवडला, पण थोडे विरोधात बोलतो. कृपया राग मानू नये.

१८९७ मध्ये माणसे मारली गेली होती. १९०८ मध्ये मुजफ्फरपूरला बाँब पडला, त्यात केनेडी मायलेकी गेल्या. त्यांचा राजकारणाशी काही संबंध नव्हता. परकीय सरकारची बाजू मी घेत नाही. पण आज देश आपला आहे. सीमेवर काय चालले आहे, समाजमाध्यमांवर एका अफवेने जमाव कसा गोळा होतो, हे आपण पाहतो. मग सरकारच्या हातात काहीच कायदा नको का? आणि पत्रकार म्हटला की तो आपोआप निर्दोष, हेही मला मान्य नाही.

---

कृष्णाकाठ

रागावण्यासारखे काही नाही, उलट हाच प्रश्न कुणीतरी विचारायला हवा होता.

हिंसेला चिथावणी देणे हा वेगळा गुन्हा आहे, तेव्हाही होता. दोन गटांत वैर पेटवणे याला १८९८ पासून स्वतंत्र कलम आहे. १९०८ च्या ८ जूनला तर वर्तमानपत्रांतल्या चिथावणीसाठी खास कायदाच केला. इतके सगळे हाताशी असताना सरकारने टिळकांवर मुख्य कलम लावले ते १२४अ, दोन गटांतल्या वैराचे नुसते जोडीला. 'देशाचे दुर्दैव' आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत' हे दोन अग्रलेख. त्यांत बाँबचा निषेध आहे, आणि दडपशाहीने बाँब थांबणार नाहीत असेही सांगितले आहे. दुसरे वाक्य सरकारला नको होते.

केनेडी मायलेकींबद्दल तुम्ही लिहिले ते बरोबर आहे. त्यांच्या मरणाची किंमत कमी लेखून पत्रस्वातंत्र्याची बाजू मांडता येणार नाही आणि मांडूही नये. पण त्यांना मारणारे आणि त्यावर पुण्यात बसून अग्रलेख लिहिणारे यांतला फरक कायद्याला करता आला पाहिजे. १२४अ तो फरकच पुसत होता.

---

वकीलवाडा

जिल्हा न्यायालयात प्रॅक्टिस करतो. आजचा कायदा काय आहे ते जरा नीट मांडतो, कारण चर्चेत जुने-नवे मिसळते आहे.

१९४२ साली फेडरल कोर्टाने, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या वरच्या न्यायालयाने, निहारेंदु दत्त मजुमदार खटल्यात म्हटले, की सार्वजनिक अशांततेचा हेतू किंवा शक्यता असल्याखेरीज राजद्रोह नाही. १९४७ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने सदाशिव नारायण भालेराव खटल्यात हे नाकारून टिळक खटल्याचाच अर्थ परत आणला. म्हणजे ब्रिटिश निघून जाण्याच्या वर्षी हा अर्थ ताजा करून गेले. संविधान सभेत कन्हैयालाल मुन्शींच्या दुरुस्तीने 'राजद्रोह' हा शब्द भाषणस्वातंत्र्याच्या मर्यादांमधून वगळला गेला. पण दंडसंहितेत तो राहिलाच. १९६२ मध्ये केदारनाथ सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कलम वैध ठरवले आणि फेडरल कोर्टाचा अर्थ स्वीकारला : हिंसेला चिथावणी किंवा अशांततेचा कल हवा, नुसती टीका, कितीही कडक, गुन्हा नाही.

ऐकायला हे पुरेसे वाटते. पण १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने एक बदल केला, त्याची चर्चा फार कमी होते. तोवर हा गुन्हा अदखलपात्र होता, नंतर दखलपात्र झाला. म्हणजे वॉरंटशिवाय अटक. केदारनाथचा निकाल न्यायमूर्तींसाठी लिहिलेला, आणि कलम वापरणार ठाण्याचा अंमलदार. निर्दोष सुटका वर्षांनी होते, अटक त्या रात्री होते.

११ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने १२४अ स्थगित ठेवले. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंडसंहिताच गेली, भारतीय न्याय संहिता आली. तिच्यात 'राजद्रोह' शब्द नाही. कलम १५२ आहे : सार्वभौमत्व, एकता आणि अखंडता धोक्यात आणणारी कृत्ये. शिक्षा जन्मठेप किंवा सात वर्षांपर्यंत, जुन्या कलमात दुसरा पर्याय तीन वर्षांपर्यंतचा होता. सरकारबद्दलची अप्रीती हा निकष काढला, ही सुधारणा खरी आहे आणि ती मान्य केली पाहिजे. जाणूनबुजून किंवा हेतुपुरस्सर हे शब्दही आहेत. पण फुटीरपणाच्या भावनांना प्रोत्साहन, अशी सैल शब्दयोजना आहे आणि इलेक्ट्रॉनिक संदेश स्पष्टपणे आत घेतले आहेत. ठाण्यात ती कशी वाचली जाईल, याची मला चिंता वाटते.

---

जुना वाचक

वाचतो आहे. दोन गोष्टी जोडतो.

'काळ'कर्ते शिवराम महादेव परांजपे यांचे नाव अजून कुणी घेतले नाही. १९०८ मध्ये टिळकांच्या आधी त्यांचा खटला झाला, तोही दावरांपुढेच. एकोणीस महिने. ठाण्याचा 'अरुणोदय', मुंबईचा 'विहारी' यांच्या संपादकांनाही त्याच सुमारास शिक्षा झाल्या. परांजप्यांच्या वक्रोक्तीवर आपण मराठीच्या तासाला बोलतो, पण ती वक्रोक्ती शैलीची हौस म्हणून जन्मली नव्हती. सरळ लिहिले तर तुरुंग होता.

दुसरी गोष्ट दावरांची. १८९७ मध्ये टिळकांना जामीन मिळावा म्हणून वकील म्हणून ते स्वतः उभे राहिले होते आणि न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजींनी जामीन दिला. १९०८ मध्ये जिना तोच मुद्दा घेऊन दावरांपुढे आले, दावरांनी जामीन नाकारला. माणसापेक्षा खुर्ची आणि कायदा काय करतो, त्याचे इतके ढळढळीत उदाहरण दुसरे मला माहीत नाही. टिळक स्वतः एकवीस तासांहून जास्त बोलले, २२ जुलैला रात्री निकाल लागला, सात विरुद्ध दोन. मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा वर्षांच्या शिक्षेला सहा दिवसांच्या संपाने उत्तर दिले. त्यात पोलीस आणि लष्कराच्या गोळीबारात माणसे गेली. त्यांची नावे कुणाला पाठ आहेत?

---

थेम्सकाठी

लंडनहून लिहिते आहे. जुना वाचक यांच्या सात विरुद्ध दोनवरून आठवले.

इंग्लंडमध्ये या गुन्ह्याचा इतिहास ज्युरीभोवतीच फिरतो. पूर्वी तिथले न्यायाधीश ज्युरीला सांगायचे, तुम्ही फक्त हे छापले का तेवढे ठरवा, ते राजद्रोही आहे की नाही ते आम्ही बघू. १७९२ च्या फॉक्सच्या कायद्याने ज्युरीला सगळ्या प्रश्नावर निर्णय देण्याचा हक्क मिळाला. त्यानंतर सरकारला खटला जिंकणे अवघड झाले, कारण ज्युरीत बसलेला माणूस आरोपीच्याच गावचा, तेच पत्र वाचणारा. मुंबईत नेमका हाच आधार काढून घेतला होता. खास ज्युरीत युरोपीयांचे बहुमत, मराठी लेख त्यांच्यापुढे इंग्रजी भाषांतरातून. न्यायाची चौकट तीच दिसते, आतला प्राण काढलेला.

आणि इथे हा गुन्हा २००९ च्या कायद्याने रद्द झाला, २०१० पासून तो पुस्तकात नाही. ज्यांनी आपल्याला तो दिला त्यांनी आपल्या घरातून काढून टाकला. युगांडात पत्रकार अँड्र्यू म्वेंडा कोर्टात गेले आणि तिथल्या घटनात्मक न्यायालयाने २०१० मध्ये राजद्रोहाची कलमे रद्द ठरवली. त्यांचेही कलम ब्रिटिशांनीच दिलेले होते.

---

मांडवीकर

आमच्या गोव्यात तर खटल्यापर्यंत जायचीही पाळी येत नसे. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत मजकूर आधी सेन्सॉरकडे जायचा, शिक्का बसला की छापायचा. केप्याचे गोविंद पुंडलिक हेगडे देसाई यांचे 'भारत' या वातावरणातही निघत राहिले, खटले सोसत राहिले. १९६१ नंतरच्या पिढीला हे घरी कुणी सांगितले नाही, याची खंत वाटते. इकडच्या कुणाकडे 'भारत'चे जुने अंक असतील तर जरूर कळवा.

---

रानवारा

वकीलवाडा यांच्या प्रतिसादाने बरेच स्पष्ट झाले. अदखलपात्र-दखलपात्र हा मुद्दा माझ्या वाचनात कधी आला नव्हता. चिथावणीचा कायदा वेगळा असावा आणि टीकेचा गुन्हा असू नये, इथपर्यंत मी तुमच्याबरोबर आहे.

पण हे सगळे आजच्या केंद्र सरकारविरुद्ध वळणार असेल तर आधीच्यांनी काय केले तेही लिहा.

---

कृष्णाकाठ

लिहायलाच हवे. सप्टेंबर २०१२ मध्ये व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांना मुंबईत १२४अ खाली अटक झाली, आर्थर रोडला ठेवले. तेव्हा राज्यात काँग्रेस-राष्ट्रवादीचे सरकार होते. ऑगस्ट २०१५ मध्ये राजद्रोह कसा लावायचा याबद्दल राज्याच्या गृहखात्याने परिपत्रक काढले. त्याचा मराठी मजकूर असा होता की लोकप्रतिनिधींवरची टीकाही त्यात बसावी. तेव्हा सरकार भाजप-सेनेचे. ओरड झाली, उच्च न्यायालयात आव्हान दिले गेले, ऑक्टोबरमध्ये सरकारने परिपत्रक मागे घेतले. आणि हे कलम दखलपात्र झाले ते इंदिरा गांधींच्या काळात. विरोधात असताना कायदा काळा म्हणायचा आणि खुर्चीवर आल्यावर ड्रॉवरमध्ये ठेवायचा, यात कुणी कुणापेक्षा कमी नाही.

अलीकडची दोन नावे मी मुद्दाम घेते. इंफाळचे किशोरचंद्र वांगखेम : फेसबुकवर मुख्यमंत्र्यांवर टीका केली, २०१८ मध्ये राजद्रोहात अटक, कोर्टाने सोडले तर लगेच राष्ट्रीय सुरक्षा कायद्याखाली आत. पुढच्या एप्रिलमध्ये मणिपूर उच्च न्यायालयाने सोडवले. केरळचे सिद्दीक कप्पन : ऑक्टोबर २०२० मध्ये हाथरसला बातमीसाठी जाताना मथुरेत अटक, राजद्रोह आणि यूएपीए, म्हणजे बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायदा. सर्वोच्च न्यायालयाचा जामीन सप्टेंबर २०२२ मध्ये, तुरुंगाबाहेर पाऊल फेब्रुवारी २०२३ मध्ये. मधली दोन वर्षे शिक्षा नव्हती. कागदावर ती फक्त कच्ची कैद होती.

१८९७ मध्ये पुण्याच्या नातू बंधूंना १८२७ च्या जुन्या रेग्युलेशनखाली खटल्याविना स्थानबद्ध केले होते. खटला टिकणार नसेल तर खटल्यावाचून चालणारा कायदा शोधायचा, ही रीत तेव्हापासूनची.

---

सुमन

बदनामीच्या कलमाबद्दलही कुणीतरी लिहा. टिळक आणि आगरकर पहिल्यांदा तुरुंगात गेले ते राजद्रोहात नाही, अब्रुनुकसानीत. १८८२, कोल्हापूरचे दिवाण बर्वे यांनी भरलेली फिर्याद. चार महिन्यांची शिक्षा, डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस. जामिनासाठी दहा हजारांची सोय जोतीराव फुल्यांनी रामशेट उरवणे यांच्याकडून करून दिली. 'केसरी'ची आणि फुल्यांची मते किती गोष्टींत उलट होती! तरी संपादक अडकला म्हटल्यावर मदतीला आले. हे मला आजच्या काळात फार महत्त्वाचे वाटते. आपल्या मताचा पत्रकार अडकला तरच आपण बोलतो.

---

वकीलवाडा

सुमनताई, फौजदारी बदनामी अजून आहे. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली, नव्या संहितेत कलम ३५६. छोट्या पत्रकाराला राजद्रोहापेक्षा हीच जास्त गाठते. लांबच्या कोर्टात फिर्याद टाकायची, तारखांना माणूस थकतो.

---

तालुका प्रतिनिधी

बरेच दिवस इथे फक्त वाचत होतो. आज लिहितो, नाव-गाव देत नाही.

मी एका दैनिकाचा तालुक्याचा बातमीदार आहे. पगार नाही, मानधन आणि जाहिरातीवर कमिशन. एका योजनेच्या कामाबद्दल बातमी दिली आणि स्वतःच्या चॅनेलवर व्हिडिओही टाकला. चौकशीला बोलावले, सुरुवातीलाच देशविरोधी कलम लावू असे तोंडी सांगितले. शेवटी ते लावले नाही, दुसरी किरकोळ कलमे लावली. फोन मात्र घेतला. त्यात माझे सगळे संपर्क, बातमी देणाऱ्यांचे आवाज, मुलीचे फोटो. ज्या ग्रामसेवकाने मला कागद दाखवला होता त्याची झोप उडाली. दैनिकाच्या कचेरीतून सांगितले, तुमचे तुम्ही बघा, तुम्ही आमच्या पटावर नाही.

आता माझ्याकडे कुणी कागद घेऊन येत नाही. जुना वाचक आणि ताई जे लिहितात ना, दहा जण लेखणी आवरतात, ते खरे आहे. मी त्या दहांतलाच एक झालो आहे असे वाटते आणि ते सहन होत नाही.

---

खिळे आणि कागद

भाऊ, लिहिलेत हे फार बरे केले. १९०८ मध्ये टिळकांच्या झडतीत एक पोस्टकार्ड सापडले होते, त्यावर स्फोटकांवरच्या दोन पुस्तकांची नावे. टिळकांनी सांगितले, नव्या स्फोटक कायद्यावर लिहायचे म्हणून टिपली. तरी ते कार्ड पुरावा म्हणून कोर्टात आले. तेव्हा एक कार्ड होते, आज फोनमध्ये माणसाचे सगळे आयुष्य असते. तुम्ही एकटे नाही आहात.

---

वकीलवाडा

दादा, मला व्यक्तिगत निरोप पाठवा, फी लागणार नाही. तोवर इथे लिहितो म्हणजे इतरांनाही उपयोग होईल.

जप्तीचा पंचनामा तुमच्या हातात आहे का? फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचे दृकश्राव्य चित्रीकरण करायचे आहे. ते झाले का ते लेखी विचारा. फोनमधल्या माहितीचे हॅश मूल्य, म्हणजे नंतर फेरफार झाला तर ओळखता येईल असा डिजिटल ठसा, नोंदवले का तेही विचारा. तपास झाला असेल तर फोन परत मिळावा म्हणून कोर्टात अर्ज करता येतो, वाट पाहू नका.

सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत सरसकट अटक न करता नोटीस देण्याची तरतूद आहे, कलम ३५. १५२ मध्ये जन्मठेप असल्याने तो आडोसा सहज मिळत नाही, म्हणूनच त्याची नुसती धमकीसुद्धा एवढी चालते.

आणि सगळ्यांसाठी : असीम त्रिवेदींच्या अटकेवरून संस्कार मराठे यांनी याचिका केली होती. २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे राज्याने मार्गदर्शक सूचना मांडल्या : १२४अ लावण्याआधी जिल्ह्याच्या विधी अधिकाऱ्याचे कारणांसह लेखी मत, त्यानंतर दोन आठवड्यांत सरकारी अभियोक्त्याचे मत. सूचना जुन्या कलमाच्या आहेत. १५२ लाही तशीच चाळणी लावा, अशी मागणी पत्रकार संघांनी तालुका पातळीपासून करायला हवी. मसुदा मी करून देतो.

---

तालुका प्रतिनिधी

पंचनाम्याची प्रत आहे, हॅशची नोंद त्यात नाही. चित्रीकरण झाल्याचे दिसले नव्हते. सोमवारी अर्ज टाकतो. निरोप पाठवला आहे.

---

कृष्णाकाठ

मसुदा झाला की इथेच टाका, आमच्या जिल्ह्याच्या पत्रकार संघापुढे मी स्वतः घेऊन जाते. रानवारा, तुमच्या भागात कुणी ओळखीचे असेल तर सांगा.

---

रानवारा

आहेत. दोघांशी बोलतो आणि कळवतो.